नालबंदाचा हात बिघडतोय असं वाटलं तर

दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आमच्या चांदणी घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची नाल निसटली, तेव्हा पहिला राग मी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारावर काढला आणि दुसरा पावसावर. ज्याच्यावर शंका यायला हवी होती, तो आमचा नालबंद, म्हणजे नाल मारणारा, अकरा वर्षं आमच्या घोड्यांचे पाय सांभाळत आला होता. आम्ही त्याला चाचा म्हणतो. माझ्या पहिल्या घोड्याला धड पाय उचलून द्यायला त्यानंच शिकवलं, आणि मलाही. अशा माणसाचं काम ढिलं पडलंय हे डोळ्यांना दिसत असतं, तरी मन मानत नाही. त्या न मानण्यात माझे सहा-सात महिने गेले आणि त्याची किंमत घोडीनं मोजली.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्यांनी पहिला घोडा घेतला, मग तो सारंगखेड्याच्या यात्रेतून असो, अकलूजच्या बाजारातून असो की ओळखीतून, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नवा मालक खोगीर, लगाम, चारा यांत खूप लक्ष घालतो आणि पाय मात्र सगळे नालबंदावर सोडून मोकळा होतो. शहरातल्या मेकॅनिकसारखा नालबंद बदलता येत नाही. आमच्या तालुक्यात घोड्याला नाल मारणारे दोनच जण आहेत, आणि दोघे एकमेकांचे साडू. त्यामुळे ‘काम आवडलं नाही, दुसरा बघा’ हा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे.

पहिली पायरी: चांगलं काम कसं दिसतं ते आधी पाहून ठेवा

काम बिघडलं हे कळायला ते कधी चांगलं होतं हे माहीत हवं. खूर म्हणजे आपल्या नखासारखीच सतत वाढणारी वस्तू. महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. वर केसांची कड संपते तिथून खाली टोकापर्यंत यायला पुढच्या पायाच्या खुराला 9 ते 12 महिने लागतात. म्हणजे आज कुणी कानस चुकीची चालवली, तर ती चूक पुरती उतरून जायला वर्षाच्या आसपास जातं. एका वेळच्या हलगर्जीपणानं घोडा लगेच लंगडेलच असं नाही. पाच-सहा वेळा तीच चूक साचली की लंगडतो, आणि मग लोक म्हणतात, काल तर बरा होता.

घोडा सपाट, कडक जागेवर उभा करा. शहाबादी फरशी असेल तर उत्तम. आता बाजूला उकिडवं बसून बघा. खुराच्या पुढच्या भिंतीची तिरकी रेघ आणि तिच्या वरच्या तिरक्या हाडाची रेघ एकाच ओळीत असायला हवी. ती ओळ केसांच्या कडेपाशी मागे मोडलेली दिसली, म्हणजे खुराचं टोक लांब पुढे गेलंय आणि टाच खाली बसलीय, तर पुढचं सगळं वाचा. घोड्यांच्या पायांत हा दोष सगळ्यात जास्त आढळतो आणि नवख्याच्या नजरेतून सगळ्यात सहज निसटतो, कारण लांब टोकाचा खूर मोठा, भारदस्त दिसतो. लांब टोक पायाच्या मागच्या शिरेवर आणि खुरातल्या छोट्या हाडावर प्रत्येक पावलाला ताण टाकतं. घोडा ठेचकाळायला लागतो. घोड्याचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून आधी तेच पाय बघा.

मग समोरून. खूर डावीकडे-उजवीकडे सारख्या उंचीचा आहे का, केसांची कड जमिनीला समांतर आहे का. प्रत्येक घोड्याचा पाय आरशासारखा सरळ नसतो, काहींचे जन्मतःच थोडे आत किंवा बाहेर वळलेले असतात, आणि ते जबरदस्तीनं सरळ करणारा नालबंद वाकडं काम करतो. आपल्याला बघायचंय ते एवढंच, की मागच्या वेळेपेक्षा फरक पडलाय का.

आता पाय उचला. इथे वेळ घालवा, कारण खरी गोष्ट तळाशी असते.

नाल आणि खूर यांच्यामध्ये कुठेही फट दिसू नये. बाजूनं बघताना उजेड आरपार दिसला, तर खूर तासताना सपाट केलेला नाही किंवा नाल वाकडी आहे. नालेची मागची दोन टोकं टाचेपर्यंत पोचायला हवीत. ती आखूड असतील तर टाचेला आधार राहत नाही, ती पुढे सरकत जाते आणि तळव्याच्या कोपऱ्यात नाल दाबून दुखरी जागा तयार होते. आखूड नाल मारायचं कारण मात्र समजून घ्या. पुढच्या पायाची नाल मागे फार बाहेर आली तर मागचा पाय तिच्यावर पडतो आणि ती उपटली जाते. वारंवार नाल निघाली म्हणून मालक बोलला, की नालबंद पुढच्या वेळी आखूड मारतो. तक्रार बंद होते आणि टाच खराब व्हायला सुरुवात होते. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं, आणि त्याला माझं बोलणंच कारण होतं.

खिळे मोजा. 6 ते 8 असतात. जुनी रीत सातांची: बाहेरच्या बाजूला चार, आतल्या बाजूला तीन. शेवटचा खिळा खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या मागे जाऊ नये, कारण प्रत्येक पावलाला टाचेकडचा भाग किंचित फाकतो आणि तिथे खिळा मारला की तो जखडतो. भिंतीवर बाहेर आलेली खिळ्यांची वळवलेली टोकं एका ओळीत, खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर हवीत. एक वर, एक खाली, एक अगदी काठावर अशी दिसली तर हात थरथरतोय किंवा घाई आहे. टोकावरून बोट फिरवा, ते टोचता कामा नये.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात बोलकं लक्षण: नाल खुराला बसवली आहे, की खूर नालेला? चांगला नालबंद नाल ऐरणीवर ठोकून, कधी तापवून, खुराच्या आकाराची करतो. पुढचा खूर गोलसर, मागचा थोडा निमुळता, म्हणजे एकाच मापाची नाल चारही पायांना चालत नाही. कंटाळलेला नालबंद हाताला येईल ती नाल मारतो आणि बाहेर राहिलेला खूर कानसून टाकतो. लांबून ते काम फार सुबक दिसतं. खुराच्या पुढच्या भिंतीवर खाली कानशीच्या रेघा आणि टोकाला चपटेपणा दिसला, तर समजा की खूर नालेच्या मापानं कापलाय. भिंतीवरचा नैसर्गिक चकचकीत थर त्यात निघून जातो आणि उन्हाळ्यात तोच खूर तडकतो.

दुसरी पायरी: वही आणि फोटो

आठवणीवर विसंबू नका. तुमची आठवण तुमच्या बाजूची आणि नालबंदाची त्याच्या बाजूची.

एक साधी वही ठेवा. नाल मारल्याची तारीख, कोणती नाल, जुनी की नवी, कोण आलं होतं, घोडा कसा उभा राहिला, नंतर काही झालं का. नाल निघाली तर कोणत्या पायाची, किती दिवसांनी, कुठे. चौथ्या नोंदीपर्यंत आकार दिसायला लागतो. माझ्या वहीत डावा पुढचा पाय सात वेळा आला होता, बाकीचे तीन मिळून दोनदा. पावसानं नाल निघत असती तर पाऊस चारही पायांवर पडतो.

फोटो प्रत्येक वेळी तसेच काढा: मोबाइल जमिनीवर टेकवून बाजूनं एक, समोरून एक, पाय उचलून तळाचा एक. चारही पाय, म्हणजे बारा फोटो. तासण्याआधी आणि नाल मारल्यानंतर. मोबाइल उंच धरून वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक खूर आखूड आणि छान दिसतो, त्याचा उपयोग नाही. टेप घेऊन केसांच्या कडेपासून टोकापर्यंत लांबी मोजली तर आणखी चांगलं. दोन पुढच्या पायांत अर्ध्या सेंटिमीटरच्या वर फरक कायम राहत असेल तर तो विचारण्यासारखा आहे.

फोटो काढताना नालबंदाला आधी सांगा. गुपचूप काढलेला फोटो पुरावा वाटतो. ‘चाचा, मला शिकायचंय, दर वेळचा फोटो ठेवते’ म्हटलं की तोच पाय उजेडाकडे वळवून देतो.

तिसरी पायरी: दोष कुणाचा, हे प्रामाणिकपणे बघा

ही पायरी टाळावीशी वाटते. टाळू नका, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

किती आठवड्यांनी बोलावता? नाल घातलेल्या घोड्याचं काम 4 ते 6 आठवड्यांत व्हायला हवं. अनेक जण नाल झिजून पातळ होईपर्यंत किंवा निघेपर्यंत थांबतात. दहाव्या आठवड्याला आलेला नालबंद कितीही निष्णात असला तरी पुढे गेलेलं टोक एका बैठकीत मागे आणू शकत नाही, आणि आणायला गेला तर घोडा तळव्यावर दुखरा होतो. नाल झिजली नाही म्हणून खूर वाढायचा थांबत नाही.

ऋतू बघा. पावसाळ्यात खूर पाणी पिऊन मऊ पडतो, खिळ्याची पकड सैल होते. पागेत शेण-मुताचा चिखल असेल तर तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचेत काळी, घाण वासाची सड लागते. नालबंदांच्या बोलीत त्या भागाला पुतली म्हणतात. ही सड नालबंदाची चूक नाही. पागा कोरडी ठेवणं आणि रोज खूर साफ करणं हे आपलं काम आहे. एप्रिल-मेमध्ये उलटं, खूर वाळून चिरतो आणि खिळ्याच्या भोकापासून तडा जातो. काही जण अशा वेळी गाडीचं जळकं ऑइल चोपडतात. कृपा करून तसलं काही करू नका.

जमीन बघा. काळ्या शेतात फिरणारा घोडा आणि डांबरी रस्त्यावर लग्नाच्या वरातीत नाचणारा घोडा यांची नाल सारखी टिकणार नाही. माथेरानला मोटारी बंद असल्यानं बराचसा भार घोड्यांवर, तिथल्या लाल दगडी चढावर नाल वेगळ्याच वेगानं झिजते, आणि पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात ही तिथल्या घोडेवाल्यांची जुनी तक्रार आहे. घोड्याचं काम बदललं असेल आणि तुम्ही नालबंदाला ते सांगितलंच नसेल, तर त्याला स्वप्न पडणार नाही.

घोडा पाय देतो का? पाय ओढणाऱ्या, लाथ मारणाऱ्या घोड्याचं काम कुणीही घाईत उरकणार. साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराखाली कमरेत वाकून, त्याचा पाय मांड्यांत धरून काम करायचं असतं, एकदा करून बघा. रोज खरारा करताना चारही पाय उचलून एक-एक मिनिट धरायची सवय घोड्याला मालकानं किंवा मोतद्दारानं लावायची. नालबंदाला त्याचे पैसे मिळत नाहीत.

आणि वेळ-उजेड. आमच्याकडे हाच घोळ होता. आमच्या भागात नालबंद घोड्यांवर जगत नाही, बैलांवर जगतो. बैलाच्या दुभंगलेल्या खुराला नाल नाही, पत्री मारतात, एका पायाला दोन. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्या डांबरी रस्त्यावर येतात आणि नालबंदाला दिवसभर श्वास घ्यायला फुरसत नसते. एकेक बैल दोरानं बांधून आडवा पाडायचा, पत्री मारायची, उठवायचा, पुढचा. चाचा हे सगळं उरकून दिवस मावळताना माझ्याकडे यायचे आणि मी एका ट्यूबलाइटच्या उजेडात घोडी पुढे करायचे. सकाळी आठला बोलवायला लागल्यावर खिळ्यांची ओळ बरीच सरळ झाली. बरीच, पूर्ण नाही.

चौथी पायरी: बोलणं

बोलायचं एकट्यानं, काम सुरू होण्याआधी, चहा झाल्यावर. काम संपल्यावर पैसे हातात देताना तक्रार केली की ती पैसे कापण्यासाठी केल्यासारखी वाटते. मोतद्दारासमोर, इतर घोडेवाल्यांसमोर तर मुळीच नाही. नालबंदाचं पोट त्याच्या नावावर चालतं आणि घोडेवाल्यांच्या दुनियेत बातमी घोड्यापेक्षा जोरात पळते.

माणसाबद्दल बोलू नका, पायाबद्दल बोला. ‘तुमचं काम आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ या वाक्यानंतर काहीही चांगलं होत नाही. त्याऐवजी: ‘चाचा, डाव्या पायाची नाल चौथ्या आठवड्यालाच जाते. हा जानेवारीचा फोटो, हा आत्ताचा. टोक पुढे गेल्यासारखं वाटतंय मला. तुम्हाला काय दिसतं?’ आणि मग गप्प बसा. शेवटचा प्रश्न मनापासून विचारा, कारण पुष्कळदा त्याला असं काही दिसतं जे तुम्हाला दिसत नाही.

उत्तर कसं येतं त्यावर पुढचं ठरतं. पाय हातात घेऊन बघणारा, ‘हो, टाच बसलीय, दोन-तीन वेळा थोडं-थोडं मागे घेऊ’ म्हणणारा नालबंद सोडू नका. ‘तीस वर्षं हेच करतोय’ एवढंच म्हणणाऱ्याला आणखी एक संधी द्या. त्यालाही पहिल्यांदाच कुणी विचारलं असेल. घोड्याला शिवी देणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला संधी देऊ नका.

साहित्याचंही विचारा. काही ठिकाणी बांधकामाच्या सळईचे तुकडे ठोकून नाल करतात, जुने वाकलेले खिळे सरळ करून परत वापरतात. पैसे वाढवून दिले तर चांगली नाल आणि नवे खिळे आणता येतील का, हा प्रश्न अपमान न होता विचारता येतो. दर वर्षानुवर्षं तोच ठेवून वर चांगल्या कामाची अपेक्षा करणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत. मराठ्यांच्या काळात शिलेदाराला घोडे सज्ज ठेवायला जी आगाऊ रक्कम मिळे तिला नालबंदीच म्हणत, म्हणजे पैसा आधी पायाला लागतो हे तेव्हाही माहीत होतं.

बोलल्यानंतर दोन फेऱ्या जाऊ द्या, म्हणजे अडीच-तीन महिने. वहीत नोंद चालू ठेवा.

इथे मात्र थांबायचं नाही

वरचं सगळं संथ बिघाडासाठी आहे. खिळा चुकून आतल्या जिवंत भागात गेला तर वाट बघायची नाही.

नालेच्या खिळ्याची एक बाजू सपाट असते आणि टोक एका बाजूनं तासलेलं, त्यामुळे तो ठोकताना बाहेरच्या दिशेला वळत जातो. उलटा धरला तर आत वळतो. तळव्याच्या कडेनं एक फिकट रेघ असते, खिळा तिच्या बाहेरच्या कडक भिंतीतच जायला हवा. जुने नालबंद हातोड्याच्या आवाजावरून ओळखतात: कडक भागात टणक आवाज, मऊ भागात मुका. खिळा आत गेला तर घोडा तिथल्या तिथे पाय हिसकतो, कधी रक्त येतं. खिळा जिवंत भागात शिरला नाही पण अगदी जवळून गेला, तर त्या वेळी काहीच दिसत नाही आणि दोन-तीन दिवसांनी घोडा लंगडायला लागतो. आत पू धरला तर आठवड्यानंतरही.

म्हणून नाल मारल्यावर दुसऱ्या दिवशी आणि मग आठवडाभर रोज दोन मिनिटं द्या. घोडा कडक जमिनीवर सरळ चालवा, मग दुडकीवर. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली येतं. चारही खुरांवर तळहात ठेवून बघा, एखादा इतरांपेक्षा गरम आहे का. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं टेकवून नाडी बघा. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते, आत सूज असेल तर बोटाला ठोके मारते. निरोगी पायाची नाडी आजच शोधून ठेवा, गरज पडेल त्या दिवशी शोधायला बसू नका.

खिळा लागल्याची शंका आली तर तो खिळा किंवा अख्खी नाल काढायला लावा आणि पशुवैद्याला बोलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन याच वेळी विचारायचं. घोडा हा धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्या जनावरांपैकी आहे आणि खुरातली बंद, खोल, घाणेरडी जखम म्हणजे त्या जंतूंचं घर. हळद भरून, फडकं बांधून ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका. घोड्याला धनुर्वाताची लस वेळच्या वेळी दिलेली असेल तर निम्मी धास्ती कमी होते. नव्या मालकांपैकी कितीजणांना आपल्या घोड्याची ही लस शेवटची कधी झाली ते सांगता येईल?

एकदा खिळा लागला म्हणून नालबंद वाईट ठरत नाही. उत्तम हातांकडूनही हे होतं, विशेषतः घोड्यानं पाय हिसकला तर. त्यानं तुम्हाला त्याच वेळी सांगितलं की लपवलं, यावर माणूस ओळखायचा. लपवणाऱ्याला माझ्या पागेत परत जागा नाही.

पाचवी पायरी: तिसरा डोळा

बोलून झालं, दोन फेऱ्या गेल्या, फोटो तसेच. आता तज्ज्ञाचं मत घ्या, आणि ते नालबंदाच्या पाठीमागे नको. घोड्यांची सवय असलेला पशुवैद्य हवा. गाई-म्हशींचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी खुराचा तोल ही त्याची रोजची गोष्ट नसते, आणि बरेच डॉक्टर हे स्वतःच सांगतात. आमच्या बाजूला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर इथेही आहेत. तिथे पायाच्या एक्स-रेची सोय आहे का ते फोन करून विचारा. बाजूनं काढलेल्या एका एक्स-रेमध्ये खुराच्या आतलं हाड कोणत्या कोनात आहे आणि तळवा किती जाड आहे ते दिसतं, मग ‘मला वाटतं’ आणि ‘तुम्हाला वाटतं’ हा वाद उरत नाही.

शक्य झालं तर डॉक्टर आणि नालबंद एकाच वेळी समोर येतील असं करा. आमच्याकडे डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला, चाचांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना रेघच दिसत नव्हती. एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि ते हे घरी कुणाला सांगत नव्हते. अकरा वर्षं मी त्यांचे हात बघत होते, डोळे एकदाही बघितले नव्हते.

सहावी पायरी: नवा हात शोधणं

ऑपरेशननंतर चाचा परत कामाला लागले, पण कंबर आता तासभर वाकू देत नाही. चांदणीसाठी दुसरा माणूस लागणार हे त्यांनीच आधी बोलून दाखवलं. सगळ्यांच्या नशिबी असं सोपं येत नाही, म्हणून शोध कसा घ्यायचा ते सांगते.

रेसकोर्सवर काम केलेले नालबंद हा एक रस्ता. पुण्यात रेसचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, त्यानंतर मुंबईला महालक्ष्मीवर. दोन हंगामांच्या मधल्या दिवसांत त्यांच्यापैकी काहींना बाहेरचं काम घ्यायला वेळ असतो. त्यांचा हात सफाईदार असतो, फक्त रेसच्या घोड्याची हलकी ॲल्युमिनियमची नाल आणि तुमच्या रोजच्या रपेटीच्या घोड्याची लोखंडी नाल यांच्या गरजा वेगळ्या आहेत हे त्यांना स्पष्ट सांगा. दुसरा रस्ता सैन्यातून निवृत्त झालेल्यांचा. मेरठला सैन्याची जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरचं केंद्र आहे, तिथे शिकलेल्या नालबंदाला खुराची रचना पाठ असते. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात निवृत्त फौजी गावोगाव आहेत, विचारत राहा. तिसरा रस्ता रायडिंग क्लब: त्यांच्याकडे येणारा नालबंद तुमच्या गावापर्यंत यायला तयार होत नसेल, तर जवळपासचे चार-पाच घोडे एका दिवशी एका जागी आणायचं ठरवा. एका घोड्यासाठी कुणी साठ किलोमीटर येणार नाही, पाचांसाठी येईल.

आधी त्याचं काम दुसऱ्या घोड्यावर बघा, नुकतं केलेलं नको, पाचव्या आठवड्यातलं. ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं.

पहिल्या भेटीत तो काय करतो तेही बघा. घोडा चालवून बघतो का? उभा करून समोरून, बाजूनं बघतो का? जुनी नाल काढल्यावर ती हातात घेऊन कुठे जास्त झिजलीय ते तपासतो का? घोड्याची चाल झिजलेल्या नालेवर लिहिलेली असते. आल्याआल्या पाय उचलून सुरी लावणारा आणि आधीच्या नालबंदाला नावं ठेवणारा, दोघांपासून सावध. मी पहिल्या दिवशी नव्या मुलाला फोटोंची वही दाखवली, चाचांचं नाव काढलं नाही. त्यानंही विचारलं नाही. फक्त म्हणाला, ‘ताई, एकदम मागे घेत नाही हं. चार-पाच वेळा लागतील.’ तिथेच मी निम्मी निश्चिंत झाले.

जुन्या माणसाला मात्र स्वतः सांगा. फोन न उचलणं, ‘सध्या घोडा बाहेरगावी आहे’ अशी थाप मारणं, असलं काही नको. तो दोन गावं पलीकडे राहतो, कळणारच. उधारी असेल तर आधी चुकती करा. आणि जमलं तर काही काम त्याच्याकडे राहू द्या. आमचं म्हातारं तट्टू नाल घालत नाही, त्याचे खूर फक्त तासायचे असतात. ते काम अजून चाचांचंच आहे, स्टुलावर बसून, सकाळच्या उन्हात, आणि पाय धरायला त्यांचा पुतण्या असतो. पुतण्याचा हात बरा आहे, पण त्याला अजून खूप तट्टं तासावी लागतील.

त्यानंतर

नवा हात लागला म्हणजे महिन्याभरात पाय सुधारेल, ही आशा सोडून द्या. पहिल्या दोन फेऱ्यांत घोडा थोडा जपून पावलं टाकेल, कारण त्याच्या शिरांना जुन्या कोनाची सवय असते. त्या दिवसांत दगडी रस्ता, उड्या, लांब रपेट टाळा. फेऱ्यांमधलं अंतर पाच आठवड्यांवर आणा आणि पुढची तारीख नालबंद निघायच्या आधीच ठरवून वहीत लिहा.

सुधारणा खालून शोधू नका, वरून शोधा. केसांच्या कडेखाली नवा खूर वेगळ्या, उभ्या कोनात उतरायला लागतो, आणि जुना लांबट खूर जिथून सुरू होतो तिथे भिंतीला एक हलकासा बाक दिसतो. बोटानंही लागतो. तो बाक दर महिन्याला बोटाच्या पेरापेक्षा कमीच खाली सरकतो. चांदणीच्या डाव्या पायावर तो सध्या निम्म्यावर आलाय. पाच महिने झाले, नाल एकदाच निघाली, तीही कुंपणाच्या तारेत अडकून.